मुलगी म्हणते, कर्लिंगच खेळणार

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी सतरा वर्षांची, चार वर्षांपासून कर्लिंग खेळते (बर्फावरून जड दगड घसरवत नेऊन वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ), ज्युनिअर संघात सेकंड, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाने दगड टाकणारी आहे. शाळा संपली की पूर्ण वेळ हेच करायचं म्हणते. वडिलांचे प्रश्न तीन: यात पोट भरतं का, हा खेळ किती वर्षं खेळता येतो, आणि चार वर्षांत ती स्किप, म्हणजे संघाची कर्णधार, झाली नाही म्हणजे ती मागे पडली असं समजायचं का?

तिसऱ्यापासून सुरुवात करते. तो प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो, आणि त्याचं उत्तर कळलं की उरलेल्या दोघांचा रोखच बदलतो.

मी सोळा वर्षं स्पर्धा खेळले. त्यातली चौदा लीड (पहिले दगड टाकणारी) किंवा सेकंड म्हणून, दोन स्किप म्हणून. त्या दोन वर्षांबद्दल पुढे सांगते, फार अभिमानाने नाही. आता ज्युनिअर मुलींना शिकवते.

टीव्हीवर कर्लिंग पाहिलं की कॅमेरा स्किपच्या चेहऱ्यावर असतो. शेवटचे दोन दगड तिचे, ओरडणं तिचं, जिंकल्यावर मुलाखतही तिचीच. त्यामुळे लोकांना वाटतं की लीड, सेकंड, व्हाइस (तिसरी), स्किप ही शिडी आहे आणि हुशार पोर वर चढत जातं. शिडी वगैरे काही नाही. ही चार वेगवेगळी कामं आहेत. विकेटकीपर हा गोलंदाज व्हायची वाट बघत उभा नसतो, तसंच हे.

हिशोब करून बघा. चौघींचा संघ, प्रत्येकीने दर एंडला दोन दगड टाकायचे. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक एंड संपला. मोठ्या स्पर्धांमध्ये दहा एंड असतात. तुमची मुलगी सेकंड आहे, म्हणजे सामन्यात ती वीस दगड टाकते. पण स्वतःचे सोडून संघाचे बाकी सहाही दगड तिला झाडावे लागतात, म्हणजे धावत दगडापुढचा बर्फ ब्रशने घासावा लागतो. दहा एंडचे झाले साठ. साठच्या साठ दगडांना जीव तोडून ब्रश मारावा लागत नाही, काही नुसते सोबत चालत नेऊन सोडायचे असतात. पण साठही दगडांवर नजर तिची असते. स्किप बहुतेक वेळ पलीकडच्या हाउसमध्ये (दगड जिथे पोचवायचा त्या वर्तुळात) उभी असते, आणि तिथून समोरून येणाऱ्या दगडाचा वेग नीट कळत नाही. तो कळतो शेजारून धावणाऱ्यांना.

एका दगडाचं सांगते. दगड ग्रॅनाइटचा, नियमाप्रमाणे 17.24 ते 19.96 किलोच्या मधला. हॅकला, म्हणजे बर्फातल्या पायटेकूला, पाय लावून खेळाडू घसरत पुढे येते आणि अलीकडच्या हॉग लाइन या आडव्या रेषेच्या आत दगड सोडते. तिथून पलीकडची हॉग लाइन 21.945 मीटरवर. चांगल्या बर्फावर ड्रॉचा, म्हणजे हाउसमध्ये जाऊन थांबायचा, दगड हे अंतर 14-15 सेकंदांत कापतो. हात सुटल्यापासून तो दगड टाकणारीचा राहत नाही, आमचा होतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत मला ठरवावं लागतं की हा कुठे जाऊन थांबणार. आम्ही आकड्यांत बोलतो. हाउसपुढे आडोशाला ठेवलेल्या दगडापासून, म्हणजे गार्डपासून, हाउसच्या मागच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यांना एक ते दहा नंबर दिलेले असतात. मी ओरडते, ‘पाच!’ सोबतची म्हणते, ‘पाच, सहा!’ तिकडून स्किप दिशा बघत असते आणि ओरडते, ‘लाइन चांगली आहे!’ म्हणजे झाडू नका, वळू द्या. पण दगडाचं बळ कमी पडतंय हे मला कळलेलं असतं. झाडलं तर तो सरळ जाईल आणि गार्डला घासेल. नाही झाडलं तर वळेल, पण पोचणार नाही. एवढा सगळा वाद आम्ही तिघी पळता पळता, ओरडून, सात-आठ सेकंदांत मिटवतो. तुमची मुलगी आठवड्यातून कित्येक वेळा हे करते. यात कुठे मागे पडणं आलं?

नियमांनीही पुढच्या दोघींचं, लीड आणि सेकंडचं, वजन वाढवलंय. 2018-19 च्या हंगामापासून पाच दगडांचा नियम आला. हॉग लाइन आणि हाउसच्या मधल्या जागेत प्रतिस्पर्ध्याचा गार्ड उभा असेल, तर पहिले पाच दगड पडून होईपर्यंत तो खेळाबाहेर उडवता येत नाही. आधी हा आकडा चार होता. एका दगडाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण लीडने नीट ठेवलेला गार्ड आता जास्त वेळ टिकतो, आणि त्यामागे लपून सगळा एंड रचला जातो. लीडचा गार्ड अर्धा मीटर चुकला तर स्किपचं शेवटचं कौशल्य ते चुकलेलं निस्तरण्यातच जातं.

तरी पटत नसेल तर 2006 च्या टोरिनो ऑलिंपिकचा कॅनडाचा पुरुष संघ बघा. स्किप ब्रॅड गुशू, वय 25, शेवटचे दगड त्याचे. पण हाउसमध्ये उभा राहून खेळ सांगायचा रस हॉवर्ड, वय 50, आणि तो दगड टाकायचा सेकंडचे! पन्नाशीतला दोन वेळचा विश्वविजेता सेकंडचे दगड टाकतो आणि सुवर्णपदक घेऊन घरी जातो. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना टिरिनझोनीच्या संघाने 2019, 2021, 2022 आणि 2023 अशी सलग चार विश्वविजेतेपदं मिळवली (2020 ची स्पर्धा महामारीमुळे झालीच नाही). त्यात ती स्किप होती, पण शेवटचे दगड आलिना पेट्झ टाकायची. आपल्याला काय येतं यापेक्षा चौघींत मिळून काय बसतं, हे त्यांनी बघितलं. अमेरिकेच्या जॉन शूस्टरचं पहिलं ऑलिंपिक पदक, 2006 चं कांस्य, लीड म्हणून आहे.

आता माझी दोन वर्षं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि कुणीतरी डोक्यात भरवलं होतं की स्किप झाल्याशिवाय नाव होत नाही. चांगल्या संघातून बाहेर पडले, स्वतःचा संघ बांधला. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळली, जी मला कुणी सांगितली नव्हती: हाउसमध्ये थंडी वाजते. इतकी वर्षं मी पळत होते, घामाघूम असायचे. इथे अडीच-तीन तास उभं राहायचं, आणि मग हात गारठलेले असताना शेवटचा दगड टाकायचा. हे झालं शरीराचं. डोक्याचं त्याहून वाईट. दहा एंडच्या सामन्यात विचार करायला संघाला 38 मिनिटं मिळतात. मी ती सातव्या एंडपर्यंत उधळून बसायचे, कारण प्रत्येक पर्याय मला सारखाच बरा दिसायचा. चांगल्या स्किपला एकच दिसतो. चुकीचा असला तरी एकच, आणि ती तो अशा आवाजात सांगते की बाकीच्या तिघींना तो बरोबर वाटायला लागतो. माझा आवाज तसा नव्हता. दोन हंगामांनंतर मी ब्रश हातात घेतला आणि मला घरी आल्यासारखं झालं.

ब्रशचा विषय निघालाच आहे तर 2015 चं सांगायला हवं, कारण करिअर म्हणजे काय हे मला त्या वर्षी कळलं. त्या शरद ऋतूत काही नवी ब्रशची कापडं आली. खरखरीत, आणि एका दिशेने मारली की दगडाला हवं तिकडे नेणारी. एरवी झाडल्याने बर्फावरचे बारीक दाणे किंचित तापतात, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. या कापडांनी दगड चक्क उलट दिशेलाही ओढता यायला लागला. टाकणारीची चूक झाडणारी सुधारायला लागली, आणि मग टाकणं शिकायचं कशाला असा प्रश्न उभा राहिला. मोठमोठ्या संघांनी ती वापरायची नाहीत असं जाहीर केलं, भांडणं झाली, आणि 2016 मध्ये जागतिक महासंघाने सगळ्यांना एकच मान्य कापड ठरवून दिलं. त्या एका हंगामात माझी दहा वर्षांची सवय रद्दीत निघाली होती. पण त्यातून एक गोष्ट राहून गेली. झाडणं हे नुसतं ताकदीचं काम नाही, त्यात कोन, दाब आणि बाजू असतात, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. आज चांगली स्वीपर शोधताना संघ जेवढं बघतात, तेवढं मी सुरुवात केली तेव्हा कुणी बघत नव्हतं. तुमच्या मुलीच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

(जाता जाता: टेबलावर पेला गोल फिरवून ढकललात तर तो एका बाजूला वळतो, कर्लिंगचा दगड बरोबर त्याच्या उलट. का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. माझ्या मुली हे ऐकून मला सांगतात, मग आमचा चुकला तर आम्हाला का ओरडता!)

पोट भरतं का? याचं खरं उत्तर देशागणिक बदलतं.

ब्रिटनमध्ये निवडक खेळाडू पूर्ण वेळ सराव करतात. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला 2017 पासून राष्ट्रीय अकादमी आहे, आणि पैसा बराचसा लॉटरीच्या निधीतून येतो. दक्षिण कोरियात शहरं आणि प्रांत स्वतःचे संघ पाळतात, खेळाडू तिथे पगारी असतात. जपानच्या लोको सोलारे या संघाची गोष्ट मला फार आवडते. मारी मोतोहाशीने 2010 मध्ये होक्काइडोतल्या कितामी शहरातल्या तोकोरोत तो उभा केला. खेळाडू तिथल्याच भागातल्या नोकऱ्या सांभाळून खेळायच्या. 2018 ला ऑलिंपिक कांस्य, 2022 ला रौप्य. कॅनडात स्पर्धांचं बक्षीस आणि प्रायोजक सर्वांत जास्त, पण स्पर्धकही सर्वांत जास्त. वरचे मोजके संघ खेळावर जगतात, त्यांच्या जरा खालचे नोकरी करतात, आणि त्यांच्या खालचे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. मी आयुष्यातली बरीच वर्षं मधल्या गटात होते आणि काही वर्षं शेवटच्या.

नोकरी करणं म्हणजे कमी दर्जाचं खेळणं, असं मात्र मुळीच नाही. 2018 ला अमेरिकेने सुवर्ण जिंकलं तेव्हा संघातला टायलर जॉर्ज दारूचं दुकान सांभाळायचा. कॅनडाच्या कॉलीन जोन्सने पत्रकारिता करत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली: पहिलं 1982 मध्ये, दुसरं थेट 1999 मध्ये. मधली सतरा वर्षं डोळ्यांसमोर आणा. आणि ब्रिटनची व्हिकी राइट. ती परिचारिका. महामारीत वॉर्डात कामाला परतली, आणि 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ईव्ह म्युरहेडच्या संघातून सुवर्ण घेऊन आली.

म्हणून शाळेनंतर शिक्षण सोडायला मी सांगणार नाही. पण कुठलंही शिक्षण चालणार नाही. हंगाम सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो. जागतिक स्पर्धेत तेरा संघ, प्रत्येकाला साखळीत बारा सामने, पुढे बाद फेरी. शेवटपर्यंत गेलात तर नऊ दिवसांत पंधरा सामने होऊ शकतात, एकेक अडीच-तीन तासांचा. त्यावर प्रवास. हिवाळ्यात महिन्यातून दहा दिवस गायब होणारी माणसं ज्या कामात खपतात तेच काम शिकायला हवं. माझ्या ओळखीत फिजिओथेरपिस्ट आहेत, शिक्षिका आहेत, संगणकावर घरून काम करणाऱ्या आहेत. मी हिशेबनीस होते. वर्षअखेरीचे हिशेब आणि राष्ट्रीय स्पर्धा एकाच महिन्यात यायच्या, आणि दरवर्षी दोन्हीकडे मी कुणाची तरी माफी मागत असायचे.

पैशाबाबत एक इशारा, तो गांभीर्याने घ्या. ज्या व्यवस्थेत खेळाडू पगारी असतो, तिथे मालकही असतो. 2018 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलेल्या कोरियाच्या संघाने, ज्याला जगाने लाडाने ‘गार्लिक गर्ल्स’ म्हटलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीरपणे सांगितलं की प्रशिक्षकांकडून त्यांचा छळ होत होता आणि बक्षिसाचे पैसे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. सरकारी चौकशीत बरंचसं खरं निघालं. संघ एकत्र राहिला, आणि 2022 मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं. शेवट बरा झाला, पण मधली वर्षं कुणी परत देत नाही. मुलीचा करार होईल तेव्हा बक्षीस कुणाच्या खात्यात जमा होणार, खर्च कोण कापणार, आणि संघ सोडायचा असेल तर काय, हे तीन प्रश्न तुम्ही वडील म्हणून विचारा. ‘पोरं खेळायला आलीत, पैशाचं कशाला’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. कर्लिंगमध्ये करिअर खेळाडूचं मोजलं जात नाही, संघाचं मोजलं जातं. गुणांची क्रमवारी संघाची, ऑलिंपिकची पात्रता संघाची, प्रायोजक संघाचा. तुम्ही कितीही उत्तम दगड टाका, उरलेल्या तिघी बरोबर नसतील तर तो नुसता एक उत्तम दगड. त्यामुळे या धंद्यातली खरी उलथापालथ बर्फावर होत नाही, फोनवर होते. ऑलिंपिक झालं की त्या वसंतात सगळीकडे संघ मोडतात आणि नवे जुळतात, पुढच्या चार वर्षांसाठी.

मलाही तो फोन आला आहे. चार वर्षं आम्ही एकत्र खेळलो होतो, एका खोलीत राहिलो होतो, कोण झोपेत दात खाते इथपर्यंत माहीत होतं. स्किपने आधी आईची तब्येत विचारली. मग म्हणाली, ‘आम्ही तिघी बोललो.’ पुढचं वाक्य ऐकायची गरजच नव्हती. चौघींतून तिघी गेल्या की उरते ती मी. त्यांचं चूक होतं असं आता वाटत नाही. माझा खांदा दुखत होता, मी लपवत होते, आणि शेवटच्या हंगामात तिसऱ्या एंडनंतर माझ्या ब्रशखाली दगड पूर्वीसारखा ताणला जात नव्हता. त्यांना ते दिसत होतं. तरी तो उन्हाळा मी कुणाशी नीट बोलले नाही.

शूस्टरचं या बाबतीत बघण्यासारखं आहे. 2010 आणि 2014 च्या ऑलिंपिकमध्ये स्किप म्हणून त्याची फजिती झाली. अमेरिकेने निवडक खेळाडूंचा कार्यक्रम केला, त्यात त्याला घेतलं नाही. त्याने आपला संघ जमवला, त्याला ‘रिजेक्ट्स’, म्हणजे नाकारलेले, असं नाव पडलं, आणि त्या संघाने कार्यक्रमातल्या संघांना हरवून दाखवलं. 2018 च्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध आठव्या एंडला एकदम पाच गुण, निकाल 10-7. लोक त्या पाच गुणांचा दगड पुन्हा पुन्हा बघतात. मला त्याने नाकारल्यावर कुणाकुणाला फोन केले असतील, आणि त्यांनी का उचलले असतील, यात जास्त रस आहे.

कारण फोन येण्यामागे काय असतं हे मला एकदा समजलं. एका राष्ट्रीय पात्रता सामन्यात, आठव्या एंडला, आमचा दगड दोन हॉग लाइनच्या मध्ये असताना माझा ब्रश त्याला निसटता लागला. आवाजही झाला नाही. नियम असा की दगड तिथेच उचलून बाजूला करायचा. पंचांनी पाहिलं नव्हतं, प्रतिस्पर्ध्यांनी पाहिलं नव्हतं. मी पायाने दगड थांबवला आणि हात वर केला. आमची व्हाइस माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिची चपलच लपवली. तो एंड आम्ही दोन गुणांनी गमावला आणि सामनाही. कर्लिंगमध्ये आपली चूक आपणच सांगायची असते, त्यात फार काही थोर केलं असं नाही. पण तीन वर्षांनी, त्या ‘आम्ही तिघी’ नंतरच्या शरदात, त्याच प्रतिस्पर्धी संघाच्या स्किपचा फोन आला. तिला लीड हवी होती. मी खांद्याचं सगळं खरं सांगितलं, वैद्यकीय कागदांसकट. ती म्हणाली, ‘तू सांगशीलच हे माहीत होतं, म्हणून तर तुला विचारतेय.’ त्या संघासोबत मी पाच वर्षं खेळले. माझी सर्वांत चांगली वर्षं तीच.

किती वर्षं चालतं, हे आता सांगायला सोपं. झाडणाऱ्यांचे खांदे, पाठ, गुडघे पस्तिशीच्या आसपास कुरकुरायला लागतात. स्किप आणि व्हाइस पुढेही बरीच वर्षं खेळतात. स्वीडनच्या निकलास एडीनच्या शरीरावर किती शस्त्रक्रिया झाल्या त्याची यादी मोठी आहे, आणि त्याची विश्वविजेतेपदं सात. 2014 ला ऑलिंपिक कांस्य, 2018 ला रौप्य, 2022 ला सुवर्ण, असा चढता क्रम. 2018 पासून मिश्र दुहेरीही ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात दोघंच, एंडला पाच दगड, सामना आठ एंडचा, आणि कित्येकदा टाकणाराच उठून आपल्याच दगडामागे ब्रश घेऊन पळतो. चांगलं टाकणारी आणि चांगलं झाडणारी सेकंड तिथे सोन्यासारखी. मुलीला तेही खेळू द्या, पण दोन्हीकडे हंगाम फाटणार नाही एवढं बघा. खेळून झाल्यावर कोचिंग आहे, समालोचन आहे, आणि ज्याकडे फार कुणी बघत नाही ते बर्फ बनवण्याचं काम आहे. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून ते दाणे गोठवणं, त्यांची टोकं एकसारखी छाटणं, पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास राखणं, ही कला अवगत असलेल्या माणसांना प्रत्येक मोठ्या स्पर्धेत मागणी असते.

मुलीत हे आहे का, ते ओळखायचं कसं? तिच्या गुणतक्त्यावरून कळणार नाही. शक्य असेल तर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दगड जुळवायचा सराव असतो, तेव्हा जाऊन बसा. दगड खेळाडूंचे नसतात, सभागृहाचे असतात. बहुतेक मोठ्या स्पर्धांचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचे, एकाच कारखान्यातून आलेले, तरी प्रत्येकाची खोड वेगळी. लाल पाच जरा जास्त वळतो, पिवळा दोन शेवटच्या दोन मीटरांत मान टाकतो. म्हणून आठही दगड एकाच वेगाने, एकाच फिरकीने टाकून बघायचे, वहीत लिहायचं, आणि सारख्या वागणाऱ्यांच्या जोड्या लावायच्या. सर्वांत चांगली जोडी स्किपला जाते. सर्वांत ओढाळ जोडी बहुतेक वेळा लीडला, नाहीतर सेकंडला. हे काम कंटाळवाणं असतं, रात्री उशिरा असतं, आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. ज्या मुली त्या वेळी स्वतः वही मागून घेतात आणि ‘हा मला द्या, याचं मी बघते’ म्हणून वाकडा दगड उचलतात, त्यांचे फोन पुढे वाजतात. ज्या मोबाइल बघत बाकावर बसतात, त्या कितीही सुंदर घसरत असल्या तरी चौथ्या वर्षी संघ शोधत असतात.

दुसरं, सामन्यात बघायचं. तिच्या स्किपचा दगड चुकला की तिच्याकडे बघा. चुकलेल्या दगडाकडे नको, आणि स्किपकडेही नको. तिची मान खाली जाते का, ती ब्रश आपटते का, की ती आधीच पुढच्या एंडसाठी दगड गोळा करायला वळलेली असते?

मी तुमच्या जागी असते तर तिला बर्फ जवळ असलेल्या कॉलेजात घातलं असतं आणि तीन वर्षं दिली असती. या तीन वर्षांत निदान दोन वेगळ्या स्किपांच्या हाताखाली तिने खेळायला हवं, कारण एकाच संघात वाढलेल्या मुलींना आपलं काम येतं की आपल्या मैत्रिणी आवडतात, हे कळत नाही. वीस-एकविसाव्या वर्षी ज्युनिअर गट संपतो. तेव्हा मोठ्या गटातल्या कुणी स्वतःहून तिला विचारलं, तर पुढची चार वर्षं द्या. नाही विचारलं तर तिने फोन करावेत. शिक्षण तोवर हातात असेलच.

आणि खेळासाठी काही घेऊन द्यायचंच असेल तर नवे बूट नकोत, ब्रशची कापडं घ्या. सामन्याला कोरं कापड वापरायचं, जुनं सरावाला. या वयात मुली पैसे वाचवायला जुन्यावरच सामने खेळतात आणि घरी सांगत नाहीत.